इंधनाची गळती : आधी माणूस, मग पेट्रोल

(आळे येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रेड्याच्या समाधीमुळे. ज्या मुक्या जनावराच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदविले, त्याला अखेरचा विसावा येथे मिळाला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. आज मी ज्याविषयी बोलणार आहे, तीही एक मुकी वस्तू आहे. मोटारगाडीला बोलता येत नाही. तिच्या इंधनाच्या टाकीला छिद्र पडले म्हणजे ती एकच खूण करते, ती वासाची. ही खूण वेळीच ओळखणे आणि ओळखल्यावर योग्य तेच करणे, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय आपल्या गावी बोलावयाचे कारण उघड आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. कांद्याचे ट्रक, टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या, दुधाची वाहने, माळशेज घाट चढून आलेल्या प्रवासी गाड्या आणि इंधनाचे टँकर यांची ये-जा येथे रात्रंदिवस चालू असते. शेताच्या कच्च्या रस्त्यावर दगड लागून, गंजून किंवा जुनी नळी चिरून टाकी गळू लागणे ही येथे कोणाच्याही गाडीच्या बाबतीत घडण्यासारखी गोष्ट आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी कार्यालयाच्या कामासाठी मी ओतूरकडून आळेफाट्याकडे येत होतो. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी होती. खोदलेल्या रस्त्यावर खालून दगडाचा आवाज आला. आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे चहासाठी एका टपरीजवळ थांबलो. आम्ही उतरतो न उतरतो तोच टपरीवरील बाईंनी शेगडी विझविली आणि म्हणाल्या, "सायेब, पेट्रोलचा वास येतोय. गाडी चालू करू नका, ढकलून तिकडं माळावर न्या."

गाडी ढकलून नेली. टाकीतून बारीक धार लागली होती. आणि आता मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. माझ्या मनात त्या क्षणी पहिला विचार आला तो लॉगबुकाचा. सकाळीच टाकी भरली होती. इतके लिटर कमी झाले तर त्याचा खुलासा काय लिहावयाचा? मी टपरीवरील प्लॅस्टिकची बादली आणवून ती धारेखाली धरावयास सांगितली आणि चालक बिचारा गाडीखाली सरपटत शिरला. बाजूला जमलेल्यांपैकी एकाच्या बोटांत पेटती विडी होती. त्याच बाईंनी त्याला ओरडून दूर घालविले. त्या दिवशी काही झाले नाही, ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. सरकारी पेट्रोल वाचविण्याच्या नादात मी एका माणसाचा जीव पणाला लावला होता. माझ्यासारख्या पदवीधराला जे सुचले नाही, ते त्या बाईंना सुचले, कारण विस्तवाशी त्यांचा रोजचा संबंध होता.

आग लागते ती वाफेला

पेट्रोलच्या बाबतीत पहिली समजून घेण्याची गोष्ट अशी की, द्रव पेट्रोल पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. ही वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याइतकी तयार होते. मग आपल्याकडील वैशाखातील दुपारचे काय सांगावे? ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती धुरासारखी वर जात नाही, तर पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, गटारात आणि तळघरात साठते. म्हणूनच वीस पावलांवरील चुलीलाही ती गाठते आणि ज्वाला तिच्या मागोमाग गाडीपर्यंत उलटी धावत येते.

थोडा हिशेब करू. टाकीतून सेकंदाला एक थेंब गळत आहे आणि ढोबळ मानाने तीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असे समजा. तासाला १२० मिलिलिटर होतात. रात्रीच्या दहा तासांत सव्वा लिटरच्या आसपास. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे उडाले तर त्याची वाफ सुमारे दोनशे लिटर जागा व्यापते. हवेत या वाफेचे प्रमाण शेकडा दीडच्या जवळपास पोहोचले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एका लिटरपासून चौदा घनमीटर स्फोटक हवा तयार होऊ शकते. ती एखाद्या लहान खोलीइतकी झाली. बंद शेडमध्ये रात्रभर उभी असलेली गळकी गाडी सकाळी काय करू शकते, हे यावरून ध्यानात येईल. अशा शेडमध्ये दिव्याचे बटण दाबणेही धोक्याचे आहे, कारण बटणात ठिणगी पडते. दारे सताड उघडावीत, बाहेर थांबावे आणि वारा खेळू द्यावा.

डिझेलची वाफ साध्या तपमानाला इतकी तयार होत नाही, हे खरे. परंतु डिझेल पेटतच नाही, हा समज घातक आहे. तापलेल्या भागावर उडालेले किंवा अपघाताच्या ठिणग्यांत सापडलेले डिझेल भडकते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून तिने पेट घेतला आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. ती बस डिझेलवर चालणारी होती.

गळती लक्षात येताच

गाडीखाली दिसणारा प्रत्येक ओलावा इंधनाचा नसतो. वातानुकूलन यंत्राचे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते. इंजिनचे तेल काळे व चिकट असते. पेट्रोलला उग्र वास असतो आणि त्याचा डाग पाहता पाहता उडून जातो. डिझेलचा तेलकट डाग मात्र राहतो. खात्री होत नसेल तर गळती इंधनाचीच आहे, असे समजून वागावे. काडी ओढून पाहण्याचा मूर्खपणा कोणी करू नये.

चालत्या गाडीत वास आला तर गाडी वस्ती, टपरी व गर्दीपासून दूर, मोकळ्या जागी रस्त्याच्या कडेला घ्यावी. इंजिन बंद करावे आणि ते पुन्हा सुरू करून पाहू नये. सर्वांना खाली उतरवून वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूला, शक्य तर चढावर, लांब न्यावे. लहान मुले व वृद्ध यांना प्रथम. सामान मागाहून. गाडी थांबलेली असेल आणि जवळ विस्तव असेल तर आधी विस्तव विझवावा आणि गाडी ढकलून न्यावी. वाफ पसरलेली असताना बॅटरीच्या तारा काढू नयेत; तार सुटताना पडणारी ठिणगी पुरेशी होते. दूरध्वनी करावयाचा तो दूर जाऊन करावा.

जमिनीवर सांडलेल्या इंधनावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी. पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. ते पाण्यावर तरंगत गटारातून दुसऱ्याच्या दारी जाते. विहिरीच्या बाजूला ते वाहणार नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. कपडे भिजले असतील तर विस्तवापासून दूर जावे, कपडे पाण्याने ओले करून मगच उतरवावेत आणि अंग साबणाने धुवावे. आग लागलीच तर सुरुवातीची लहान आग कोरड्या भुकटीच्या अग्निशामकाने किंवा वाळूने विझविता येते. ती एका प्रयत्नात विझली नाही तर गाडी सोडून द्यावी.

चार मोह टाळावेत

पहिला मोह गळणारे पेट्रोल जमविण्याचा. प्लॅस्टिकच्या भांड्यात पेट्रोल पडताना स्थितिक वीज साठते व ठिणगी पडू शकते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही विनापरवाना जवळ ठेवावयाच्या पेट्रोलसाठी ३० लिटरची मर्यादा आहे, आणि भांडी घट्ट बुचाची, काचेची, चिनी मातीची किंवा धातूची असावीत, असे म्हटले आहे. प्लॅस्टिकची बादली त्यात बसत नाही.

दुसरा मोह नळी तोंडाने ओढून टाकी रिकामी करण्याचा. थोडे पेट्रोल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसांना गंभीर इजा होते. कोणाच्या पोटात पेट्रोल गेलेच तर त्याला ओकारी काढावयास लावू नये, कारण ओकताना ते फुप्फुसात शिरते. त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

तिसरा मोह तात्पुरत्या डागडुजीवर प्रवास पुरा करण्याचा. बारीक छिद्रावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासून गळती थांबविण्याची जुन्या चालकांची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, मदत येईपर्यंत गळती कमी करण्यापुरता तिचा उपयोग आहे. त्या साबणाच्या भरवशावर गाडी पुढे हाकणे हे धाडस नव्हे, ती बेपर्वाई आहे.

चौथा मोह सर्वांत घातक आहे. तो म्हणजे रिकामी टाकी वेल्डिंगला देणे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे मिश्रण कोंडलेले असते. पाण्याने विसळून ती निर्धोक होत नाही. जाणत्या कारखान्यात टाकी पूर्णपणे वाफरहित केल्याविना तिला ज्योत लावता कामा नये. सर्वांत चांगले म्हणजे टाकी बदलून घ्यावी. नव्या टाकीची किंमत माणसाच्या किमतीपुढे काय?

टँकर उलटल्यास

गाडीच्या टाकीत चाळीस-पन्नास लिटर असतात, टँकरमध्ये हजारो. २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पाकिस्तानातील बहावलपूर जिल्ह्यात इंधनाचा टँकर उलटला. आसपासच्या खेड्यांतील लोक भांडी घेऊन धावले. काही वेळाने आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. ती माणसे चोर नव्हती. आपल्यासारखीच संसारी, गरजू माणसे होती. फुकट वाहून जाणाऱ्या चार लिटरांचा मोह तेथे घराघराला भोवला. लॉगबुकाच्या काळजीने बादली धरणारा मी त्यांच्याहून वेगळा नव्हतो.

टँकरवर एक फलक असतो. त्यावर धोक्याचा क्रमांक लिहिलेला असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस. हा क्रमांक दुरून वाचून ११२ किंवा अग्निशमनाच्या १०१ या क्रमांकावर कळवावा. गळतीपासून निदान ५० मीटर, सांडलेले पेट्रोल फार असेल तर वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटर आणि टँकरला आग लागली असेल तर चहूबाजूंनी ८०० मीटरपर्यंत माणूस राहता कामा नये. तेथे धावून जाण्यात पुरुषार्थ नाही. गर्दी मागे हटविण्यात आहे.

आपणांकडून अपेक्षा

आपणां सर्वांना माझी विनंती अशी की, या गोष्टी भाषणापुरत्या ठेवू नयेत. ग्रामपंचायतीने फाट्यावरील टपरीवाले, गॅरेजवाले आणि रिक्षाचालक यांना एकत्र बोलावून हे सांगावे. वाळूने भरलेल्या बादल्या ठरलेल्या जागी ठेवाव्यात. आणि टँकर उलटल्यास गर्दी कोणी रोखावयाची, हे आधीच नेमून द्यावे. शिक्षकांनी पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, हे विज्ञानाच्या तासाला सांगताना त्याचा अर्थही सांगावा. घरी जाऊन वडिलांना थांबविणारे पोर हे त्या पाठाचे खरे यश आहे. अधिकारी बंधूंनी वाहनांच्या तपासणीत टाकी आणि रबरी नळ्या न चुकता पाहाव्यात. इथेनॉलमिश्रित इंधनामुळे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांकडे अधिकच लक्ष द्यावयास हवे. आणि सांडलेल्या इंधनाचा खुलासा मागताना चालकाला अशी भीती घालू नये की तो जीव धोक्यात घालून बादली धरील. गळती कळवून गाडी जागीच थांबविणाऱ्या चालकाची शाबासकी लॉगबुकात नोंदवावी.

त्या टपरीवरील बाईंचे आभार मानावयाचे माझ्याकडून त्या गडबडीत राहून गेले. पुढे गेलो तेव्हा रस्त्याच्या रुंदीकरणात टपरी उठलेली होती. त्यांचे सांगणे आपल्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच आता माझ्या हाती आहे. आपण ते घरोघर पोहोचवाल अशी खात्री बाळगतो आणि आपली रजा घेतो.