परिषद वर्ध्यात घ्यायची म्हणजे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू ती परिषद वर्ध्यात कशी घेतलीस, ते सांग." खरं म्हणजे ती मी एकटीने घेतली नाही. मंडपापासून जेवणापर्यंत या वर्गातले निम्मे लोक तिथे राबले. म्हणून तुम्हाला जे दिसलं ते सोडून, जे दिसलं नाही ते सांगते.

आमच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या संघटनेची विभागीय परिषद नेहमी नागपूरला नाहीतर पुण्याला होते. मी वर्ध्याचं नाव घेतलं तेव्हा ऑनलाइन बैठकीत थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग प्रश्न सुरू झाले. विमानतळ? म्हटलं, नागपूर, 75 किलोमीटर. रेल्वे? वर्धा आणि सेवाग्राम, एक नाही दोन स्टेशनं. एकाने जरा चाचरत विचारलं, "संध्याकाळच्या कार्यक्रमाचं काय?" म्हटलं, जिल्ह्यात दारूबंदी आहे. संध्याकाळी सेवाग्राम आश्रम बघू आणि परत येऊन गोरसपाक खाऊ.

एवढ्या लोकांची सोय होईल का, ही शंका राहिलीच. तेव्हा मी त्यांना 96व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची आठवण दिली. 3 ते 5 फेब्रुवारी 2023 ला ते आपल्याच गावात झालं. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही इथेच भरलं होतं. एकाच वेळी दोन संमेलनं सांभाळणाऱ्या गावाला दीडशे अभियंते जड नाहीत. आम्हीही महिना फेब्रुवारीच निवडला. मे महिन्यातला वर्धा पाहुण्यांना दाखवायची माझी हिंमत नव्हती!

गाव ठरलं, हॉल ठरला. तीन आठवडे राहिले असताना मोठ्या प्रायोजकाने हात वर केले. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. जेवणातले दोन पदार्थ कमी केले, पिशव्या छापणं रद्द केलं, भागलं. खरी चूक दुसरीकडे झाली आणि ती माझी होती.

निबंध निवडायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने अर्ज पाठवला होता. कापूस घेऊन बाजार समितीत आलेल्या गाड्या रात्र-रात्र रांगेत उभ्या राहतात. नंबर कधी लागेल, हे शेतकऱ्याला साध्या एसएमएसवर कळावं, अशी प्रणाली तिने तयार केली होती. काम नीट होतं. पण सारांश मराठीत होता आणि सोबतचं इंग्रजी मोडकंतोडकं. मी "नियमात बसत नाही" असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नंतर उद्घाटनाच्या भाषणासाठी मी गावाचा इतिहास वाचायला घेतला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. निमित्त होतं मारवाडी विद्यालयाच्या, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयाच्या, रौप्यमहोत्सवाचं. अध्यक्ष गांधीजी. हे आपण शाळेत पाठ केलं होतं. पण परिषद भरवणाऱ्याच्या नजरेने मी ते पहिल्यांदाच वाचलं.

काय दिसलं? चर्चेचे मुद्दे गांधीजींनी आधीच 'हरिजन'मधून मांडले होते, म्हणजे येणारा माणूस विचार करून आला. परिषद दोनच दिवसांची. ठराव चारच: सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेलं, आणि त्यातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा अशी अपेक्षा. (सर, चौथ्या ठरावाचं पुढे काय झालं ते तुम्हीच सांगा!) सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पांगण्यापूर्वी समिती नेमली. या योजनेवर परिषदेतच ज्यांनी उघडपणे शंका मांडल्या होत्या, त्या डॉ. झाकीर हुसेन यांनाच तिचं अध्यक्ष केलं. समितीचा अहवाल 2 डिसेंबरला तयार होता. सहा आठवडेही लागले नाहीत.

दुसऱ्या ठरावापाशी मी थांबले. हा ठराव ज्या गावात झाला, त्याच गावात मी एका मुलीला मातृभाषेत लिहिलं म्हणून परत पाठवत होते. शिवाय मी स्वतः कुठून आले? आठवीत बीजगणित सोडवून खाली बसले की सर म्हणायचे, "उत्तर बरोबर आहे, आता ते सगळ्यांना समजावून सांग." मी समजावलं ते मराठीतच, त्यातही अर्धं वऱ्हाडीत. कुणी हसलं नाही.

त्या मुलीला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलंच होतं." ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी सत्र ठेवायचं मी सुचवलं. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी कडाडून विरोध केला: दर्जा घसरेल, बाहेरच्या राज्यांतल्या पाहुण्यांना कळणार नाही. दुसरा मुद्दा खराच होता. मी झाकीर हुसेन आठवले आणि सत्राचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. त्यांनी कडक अट घातली: पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत, बोलणं मराठीत, आणि प्रत्येक वक्त्याची आधी दोनदा तालीम. त्या अटीमुळेच सत्र उभं राहिलं. ती मुलगी पंधरा मिनिटं बोलली आणि प्रश्न अर्धा तास चालले. सगळ्यांत अवघड प्रश्न अध्यक्षबाईंनीच विचारला: "एकाच फोनवर तीन शेतकऱ्यांचे नंबर असतील तर?" मुलीकडे उत्तर नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं. परिषद संपण्यापूर्वी आम्ही तिच्या कामासाठी दोन मार्गदर्शकांची नावं नक्की केली. त्यांतल्या एक त्याच बाई.

परिषदेचा हिशेब थोडा तोट्यात गेला. तो आम्ही कार्यकारिणीत वाटून घेतला. पुढची परिषद कुठे, यावर मात्र आता वाद होतात, आणि त्यांत छोट्या गावांची नावं असतात.

आता आपल्याविषयी. आजच्या मेळाव्यात शाळेच्या संगणक कक्षाबद्दल सगळेच कळवळून बोलले. टाळ्याही झाल्या. माझी एकच विनंती आहे. जेवणाची पानं वाढण्यापूर्वी तीन नावं कागदावर लिहूया, आणि "हे काही होणार नाही" असं मघाशी मागच्या रांगेतून जो म्हणाला, त्याचं नाव पहिलं. दुसरं माझं लिहा. तिसऱ्यासाठी मी इथे खाली उभी आहे.