दाण्यावर आधी कोण बसतं?



ओल्या दाण्याला बुरशी का धरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच की, बुरशी मारायच्या नादात दाण्यावर आधी कोण बसतं याकडे आपण पाहतच नाही.

१९७४ साली हिवाळ्याच्या तोंडावर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या आदिवासी भागांत काविळीची साथ आली. पोटात पाणी भरायचं आणि माणूस जायचा. नोंदलेले रुग्ण ३९७, मृत्यू १०६. पण त्याच घरांतली कुत्रीही काविळीनं मेली होती. आदिवासी घरात मक्याच्या भाकरीतला तुकडा कुत्र्यालाही मिळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मंडळींनी मका तपासला. अवकाळी पावसात भिजलेला, तसाच भरून ठेवलेला. त्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन निघालं. यकृताचं विष! भाकरी भाजून ते जात नाही. मी यात फार रमलो, वेळेचं भान ठेवतो. पण ही माणसं आपल्या शेजारची होती, म्हणून घाईनं सांगवत नाही.

आता मुद्दा. याच बुरशीचे काही वाण विष बनवतच नाहीत. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पीटर कॉटी यांनी असे वाण कपाशीच्या शेतात वापरले. त्यांतल्या एकाच्या विष बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे. तेवढ्यानं काम बंद. पुढे नायजेरियात इबादानच्या एका संशोधन संस्थेत रणजित बंद्योपाध्याय आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतले चार वाण निवडून ‘अफ्लासेफ’ तयार केलं. वाहन कोणतं? ज्वारी! (टाळ्या) दाणा उगवू नये म्हणून भाजायचा, त्यावर बीजाणू चढवायचे. मक्याला तुरा येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी दहा किलो, मूठ मूठ सऱ्यांमधून फेकत जायचं. जमिनीची ओल लागली की दाणा काही दिवसांत हिरवा होतो आणि वारा बीजाणू कणसापर्यंत नेतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं! (हशा) विषारी वाण येईतो जागा भरलेली. अफ्लाटॉक्सिन बहुतेक ठिकाणी ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं.

पुढच्या रांगेतले गृहस्थ मान हलवताहेत. शेतात मुद्दाम बुरशी टाकायची? साहेब, ती शेतात आहेच. प्रश्न कोणती, एवढाच. आणि मी फवारणीचा शत्रू नाही. पण इंग्लंडच्या गव्हात काय झालं, ऐका. २००१ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक ओंबीवरच्या मायक्रोडोकियमला आवरतं. ही बुरशी विष करत नाही. ती हटली की फ्युजेरियम या विष करणाऱ्या बुरशीला मोकळं रान, आणि काही चाचण्यांत दाण्यातलं विष उलट वाढलं. औषधानं शत्रूचा प्रतिस्पर्धीच मारला.

...चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग आपलं सांगतो. १९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसानं भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोक आजारी पडले, तिथे फ्युजेरियमचं विष होतं. आपल्याकडेही खरिपाची ज्वारी ऐन काढणीला भिजून काळी पडते. आपण भाव पाडून घेतो आणि गप्प बसतो. त्या काळ्या दाण्यावर कोणकोण बसलंय, हे तालुक्यातालुक्यातून तपासा. आफ्रिकेत वेगवेगळ्या देशांसाठी वाण वेगळे निवडले. उसनी बुरशी आणून भागत नाही. आपल्या कृषी विद्यापीठांकडे प्रयोगशाळा आहेत, विद्यार्थी आहेत. काढणीच्या महिन्यात नमुने गोळा करा, ही माझी मागणी आहे. पुढच्या खरिपातच सुरुवात करता येईल.