रेल्वेचे दर आणि संघशासनाच्या अधिकाराची सीमा

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली, तेव्हा आगगाडीचा जन्मही झाला नव्हता. साहजिकच त्या घटनेत रेल्वेचा उल्लेख नाही. राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन संघशासनाने करावे, एवढेच एक त्रोटक कलम तिच्यात आहे. भारतीय घटनाकारांनी सातव्या अनुसूचीतील संघसूचीत रेल्वे स्पष्टपणे नमूद केली. अमेरिकेत मात्र हा प्रश्न न्यायालयांनाच सोडवावा लागला.

खाजगी रेल्वे कंपन्यांना प्रथम लगाम घातला तो घटक राज्यांनी. शेतकऱ्यांच्या चळवळीतून आलेले हे दरनियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये मान्यही केले. पुढे वाबॅश कंपनीचे प्रकरण उद्भवले. इलिनॉय राज्यातील पिओरियाहून न्यूयॉर्कला माल नेण्यास शंभर पौंडांस १५ सेंट, आणि न्यूयॉर्कला ८६ मैल अधिक जवळ असलेल्या गिलमनहून २५ सेंट! अन्याय उघड होता. तरीही माल अनेक राज्यांतून जात असल्यामुळे इलिनॉयला असे दर ठरविता येणार नाहीत, असा निर्णय १८८६ मध्ये झाला. राज्यास अधिकार नाही आणि संघशासनाचा कायदा नाही, अशा पोकळीत गिलमनचा माल पाठविणारा सापडला. दुसऱ्याच वर्षी काँग्रेसने आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन केला.

खरी कसोटी लागली ती श्रीव्हपोर्टच्या दाव्यात. लुइझियानातील हे शहर टेक्सासच्या सीमेजवळ आहे. टेक्सासच्या आयोगाने राज्यांतर्गत दर कमी ठेवले होते. परिणामी ६० सेंटांत डलासचा प्रथम वर्गाचा माल पूर्वेकडे १६० मैल जाई, तर श्रीव्हपोर्टचा तसाच माल टेक्सासमध्ये अवघा ५५ मैल. ग्रामपंचायतींतील हद्दीचे वाद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. राज्यांतर्गत दरांचा आंतरराज्य व्यापाराशी निकट व भरीव संबंध असेल, तर तेही संघशासनाच्या कक्षेत येतात, असे न्यायमूर्ती ह्यूज यांनी १९१४ मध्ये निकालपत्रात म्हटले.

मात्र हा अधिकार अमर्याद ठरला नाही. रेल्वे कामगारांच्या सक्तीच्या निवृत्तिवेतनाचा १९३४ चा कायदा न्यायालयाने पुढील वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला; कामगाराच्या वार्धक्याची तरतूद म्हणजे व्यापाराचे नियमन नव्हे, हे त्याचे एक प्रमुख कारण. चार न्यायमूर्तींना हे पटले नाही, आणि त्यांचेच म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. १९३७ मध्ये काँग्रेसने कर व निवृत्तिवेतन यांचे स्वतंत्र कायदे करून ती योजना नव्याने उभारली.

१९८० च्या कायद्याने दरांवरील बंधने बरीच सैल झाली आणि १९९५ च्या अखेरीस आयोगही विसर्जित झाला. उरलेले काम भूपृष्ठ परिवहन मंडळाकडे गेले. मालवाहतुकीचे दर ठरविण्याची जी मुभा १८७७ मध्ये मिळाली होती, ती मात्र घटक राज्यांकडे परत आली नाही.