पाऊस लागायच्या आधी बांध चालून या
(पाड्यावरच्या बैठकीतलं बोलणं)

आज कोर्टाचं बोलणार नाही, नदीच्या बांधाचं बोलणार.

साहेब जीपमधून उतरतो, वरून बघतो, 'ठीक आहे' लिहितो. बांध वरून कळत नाही. पाणी चढलं की शेताच्या बाजूला पायथ्याशी बघा. पाझर नितळ असेल तर नजर ठेवा. गढूळ झाला तर समजा, आतली माती वाहून चाललीय. मग रात्र असली तरी गाव उठवा. झऱ्याच्या तोंडात गोणी कोंबू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. भोवती पोत्यांचं कडं करा. आत पाणी चढलं की जोर कमी होतो.

आत्ता कोरडं आहे तोवर खेकड्याउंदरांची बिळं बघा, लांब गेलेल्या चिरा बघा. आणि गुरं उतरून खचलेली जागा, पाणी तिथूनच वरून जाणार. पानशेतचं धरणही मातीचंच. काम पुरं व्हायच्या आधी पाणी साठवलं. १९६१ च्या जुलैत ते खचलं, जवानांनी वाळूची पोती रचली, तरी १२ तारखेला सकाळी फुटलं. पुण्यात पूर शिरला.

आपले प्लॉट जातील. वर वाळू बसली की जंगलखातं विचारेल, कसत होतात कुठं? म्हणून दंडाच्या पावत्या माळ्यावर बांधून ठेवा. खचलेली जागा दिसली की तारीख घालून अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चालायचं. कुदळ, घमेली आणा. बायांनो, तुम्हीही या, पाझर कुठं ते पाणी भरणारीलाच आधी दिसतं.