दार अडले तर



वर्धापनदिनी बाईने बोलायचे ते मुलांवर, स्वयंपाकावर, नाही तर संतांवर, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. मी मोटारीच्या दारावर बोलणार म्हटल्यावर चिटणीसबाईंनी भुवया उंचावल्या. पण गेल्या अंगारकीला राजूरच्या गणपतीहून येताना आमच्यावर जो प्रसंग आला, त्याविषयी निम्म्या मंडळाने मला रस्त्यात अडवून विचारले आहे. तेव्हा एकदाच सर्वांना सांगते.

प्रसंग तसा किरकोळ. गर्दीत एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आमच्या गाडीचा पुढचा डावा कोपरा लागला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. मात्र पुढे डावीकडे बसलेल्या सासूबाईंचे दार उघडेना. पलीकडच्या दाराने उतरायचे तर मधला गिअरचा दांडा ओलांडायचा, आणि त्यांचे गुडघे कसे आहेत ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. बाहेर दहा माणसे जमली. एकाने पहार आणली. मी म्हटले, पहार राहू द्या, आधी दार कुठे अडले आहे ते पाहू या.

आपला समज असा की दार अडले म्हणजे कुलूप बिघडले. कोपऱ्याच्या धडकेत बहुधा तसे नसते. पुढच्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात, आणि दार व मडगार्ड यांच्यामध्ये जेमतेम बोटाच्या पेराएवढीही फट नसते. कोपरा दबला की मडगार्ड मागे सरकतो आणि दाराच्या कडेवर चढतो. मग दार ओढले की तीच कड मडगार्डात रुतते. आमचे तसेच झाले होते. दोघांनी चाकाच्या बाजूने हात घालून मडगार्डाचा पत्रा बाहेर ओढून धरला, तिसऱ्याने हलक्या हाताने दार उघडले. सासूबाई उतरल्या आणि आधी पहारवाल्याकडे पाहून घेतले!

पहारीला माझा विरोध का, तर मडगार्ड नटबोल्टांनी बसवलेला असतो, तो बदलता येतो. दाराची चौकट म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा भाग. ती वाकली की खर्चाचा आकडा कुठल्या कुठे जातो.

धडक बाजूने बसली तर गोष्ट निराळी. तेव्हा दाराच्या पोटातली हँडलची तार किंवा सळई निसटू शकते. आतले हँडल मेले तरी बाहेरचे चालू असू शकते. काच खाली करून हात बाहेर घालून पाहावे. काचा विजेवर चालतात, म्हणून धडकेनंतर वीज आहे तोवर त्या खाली घ्याव्या आणि मग गाडी बंद करावी. पेट्रोलचा वास आला तर मात्र काचेसाठीही थांबू नये. गाडी तत्काळ बंद करून जे दार उघडेल त्याने निघावे.

मुले मागे बसतात, म्हणून मागच्या दाराचे चाइल्ड लॉक लक्षात ठेवा. ते लावलेले असेल तर आतून दार उघडतच नाही, बाहेरून सहज उघडते. दार अडले म्हणून रडारड करण्याआधी हे पाहावे.

काच फोडण्याची वेळ आलीच, तर समोरची नको. तिच्या दोन थरांमध्ये पडदा असतो. बाजूची बहुतेक गाड्यांत चुरा होऊन पडते. तोंडावर पदर घेऊन, कोपऱ्याजवळ, टोकदार कठीण वस्तूने मारावे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि तो आपल्या जिल्ह्यातून जातो. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. अशा जागी लहान धडकेपेक्षा मागून येणाऱ्या गाडीचे भय मोठे. अडलेल्या दाराशी झटत बसू नये. डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे जावे आणि ११२ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला पुढे त्रास होईल ही जुनी भीती आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालून अशा माणसाला संरक्षण दिले आहे, हे घरच्या पुरुषांनाही सांगा.

आणि विम्याचे. कायद्याने सक्तीचा विमा असतो तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या दाराचा पैसा त्यातून मिळत नाही. आपला विमा कोणता, ते कागदावर पाहून ठेवावे, आणि दुरुस्तीपूर्वी फोटो काढून कंपनीला कळवावे.

चाइल्ड लॉकचा खटका नेमका कुठे असतो, ते बोलून कळायचे नाही. चहा झाल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी फाटकाशी या. गाडी तिथेच उभी आहे.