मुख्याध्यापकाचे मूल्यमापन कोणी करावे?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर शिक्षकांचे मोर्चे येऊन थडकतात. अनुदान, वेतन, जुनी निवृत्तिवेतन योजना, रिक्त पदांची भरती या त्यांच्या मागण्या असतात. त्या न्याय्य आहेत आणि समाजवादी चळवळीने त्यांना नेहमीच पाठिंबा दिला आहे. मात्र एक प्रश्न या मोर्च्यांच्या फलकांवर कधी दिसत नाही. शाळेचा कारभार ज्याच्या हाती आहे तो मुख्याध्यापक आपले काम नीट करतो की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

हा प्रश्न टाळण्यामागे एक समजण्याजोगे कारण आहे. मूल्यमापन हा शब्द कामगार चळवळीला मालकाच्या तोंडून ऐकण्याची सवय आहे. एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत बदली कामगाराची रोजी जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे आणि त्या मर्जीलाही ‘कामाची पारख’ असेच नाव दिले जाई. तेव्हा कार्यकर्त्याच्या मनात संशय असणे स्वाभाविक आहे. परंतु चळवळीने प्रश्न टाळला म्हणून मूल्यमापन थांबत नाही. ते आजही दरवर्षी होते. फक्त ते संस्थाचालकाच्या हाती आणि बंद लिफाफ्यात होते.

प्रथम कायद्याची स्थिती पाहावी. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ सालचा आणि त्याखालील नियम १९८१ सालचे. त्यापूर्वी संस्थाचालकाच्या एका चिठ्ठीवर शिक्षक घरी बसत असे. या कायद्याने ज्येष्ठतेचा नियम आला, चौकशीशिवाय बडतर्फी करता येईनाशी झाली आणि दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण मिळाले. ही कमाई लहान नाही. परंतु त्याच व्यवस्थेत मुख्याध्यापकाचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम संस्थेच्या कारभाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात बहुधा सचिवाकडे राहिले. शाळा समितीतही बहुमत संस्थेचेच ठेवण्यात आले. मुख्याध्यापकाचे वेतन सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्या पैशातून येते, आणि त्याच्या कामाविषयीचा शेरा मात्र संस्था लिहिते.

याचा परिणाम काय होतो, हे कोणत्याही अनुदानित शाळेच्या शिक्षक-खोलीत बसून कळते. सचिवाच्या नातलगाला कायम करण्यास हरकत घेणारा, वेतनेतर अनुदानाचा हिशेब विचारणारा, प्रवेशाच्या वेळी पावतीविना घेतल्या जाणाऱ्या देणगीला नकार देणारा मुख्याध्यापक ‘सहकार्याची वृत्ती नाही’ या शेऱ्याचा धनी होतो. ज्याला कशाचीच हरकत नसते त्याचा अहवाल ‘उत्कृष्ट’ असतो. त्या अहवालात आज्ञाधारकता तेवढी मोजली गेलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त प्रकरणात गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित सरकारी कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असा निर्णय दिला. न्यायाचे एक पाऊल त्यामुळे पुढे पडले. तथापि ज्यांची मुले त्या शाळेत शिकतात त्या पालकांना या अहवालांतील एक अक्षरही आजवर कळत नाही.

या गुप्ततेची किंमत नागपूर विभागाने नुकतीच पाहिली आहे. भंडारा जिल्ह्यातील एका शाळेत, शिक्षक म्हणून कधी काम न केलेली व्यक्ती बनावट कागदपत्रांच्या आधारे मुख्याध्यापक झाली, अशा तक्रारीवरून २०२५ साली पोलीस तपास सुरू झाला. त्यातून शालार्थ या वेतनप्रणालीत बनावट ओळखक्रमांक तयार करून वेतन उचलल्याचे आरोप पुढे आले आणि शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही अटक झाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु व्यवस्थेला प्रश्न विचारण्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. संस्थेचा ठराव, खात्याची मान्यता आणि वेतनप्रणालीतील नोंद हे तिन्ही टप्पे कागदावरच पार पडतात. शाळेतील शिक्षकांना आणि गावातील पालकांना, ‘या गृहस्थांनी कधी वर्गावर शिकवले आहे का?’ असे कोणत्याही टप्प्यावर विचारण्याची तरतूद नाही. हा प्रश्न विचारायला पोलीस लागावेत, ही लोकशाहीला शोभणारी गोष्ट नव्हे.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेली पटपडताळणीही आठवावी. पटावर नावे आहेत आणि वर्गात मुले नाहीत, असे अनेक शाळांत आढळले. त्या हजेरीपटांवर मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. त्यांतील काही सह्या लोभाने झाल्या असतील, काही भीतीने. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की सहकारी अतिरिक्त ठरतो, आणि संस्थेचा दट्ट्या वेगळाच. जो माणूस केवळ वरच्याला उत्तरदायी असतो तो वरच्याला हवे ते लिहून देतो.

यावर उपाय म्हणून दुसरी एक सूचना मोठ्या आवाजात मांडली जाते. निकाल मोजा, दहावीचे शेकडा प्रमाण पाहा आणि त्यावर मुख्याध्यापकाची किंमत ठरवा, असे सांगितले जाते. वरवर ती निःपक्षपाती वाटते. वस्तुतः ती दीडशे वर्षांहून जुनी आणि अनेकदा फसलेली आहे. इंग्लंडने १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेशी जोडले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हा स्वतः शाळा तपासनीस होता. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक झाले, अशी तक्रार त्याने वारंवार केली. शतक संपण्यापूर्वी ती पद्धत इंग्लंडला सोडून द्यावी लागली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालांवर अनुदान देण्याचा प्रयोग त्याच काळात झाला होता.

अमेरिकेने तोच मार्ग २००२ साली नव्याने धरला. चाचण्यांतील गुणांवर शाळेचे व मुख्याध्यापकाचे भवितव्य ठरू लागले. अटलांटा शहराच्या शाळांतील गुण झपाट्याने वाढले आणि तेथील शिक्षणप्रमुखांना २००९ साली देशातील सर्वोत्तम शिक्षणप्रमुख म्हणून गौरवण्यात आले. दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, राज्याच्या चौकशीत उघड झाले की मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली जात होती. ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे चौकशी अहवालाने नमूद केले. ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांना वाचता येते असे कागदावर ठरले आणि त्यामुळे त्यांना मिळू शकणारी मदतही मिळाली नाही.

महाराष्ट्राला यासाठी अटलांटापर्यंत जाण्याची गरज नाही. कच्च्या मुलाला नववीतच अडकवायचे किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षा द्यायला सांगायचे, म्हणजे शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, ही युक्ती प्रत्येक जिल्ह्यात ठाऊक आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी, घरात शिकलेले कोणी नाही असे मूल, यांचीच नावे आधी गळतात. शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या दारावर लागतो आणि ज्यांच्यासाठी सार्वजनिक शिक्षण उभे राहिले तीच मुले त्या दाराबाहेर राहतात.

मग खरी कसोटी कोणती? तिचा एक धागा नागपूरच्या शेजारीच सापडतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमची योजना आखली. प्रचलित परीक्षापद्धतीवर त्या समितीने कठोर टीका केली आणि एखाद्या क्षेत्रातील शाळांचे काम तपासायचे तर निवडक मुलांच्या गटांची नमुना पाहणी करावी, असे सुचवले. तपासणी शाळेच्या कामाची व्हावी आणि तिची धास्ती मुलाच्या मानेवर नसावी, असा त्यामागचा विचार होता. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने प्रशासन आणि शैक्षणिक तपासणी ही कामे वेगळी करावीत, आणि वार्षिक तपासणीखेरीज दर तीन ते पाच वर्षांनी सखोल तपासणी व्हावी, अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक महाराष्ट्राचेच होते. या शिफारशी प्रत्यक्षात येण्याऐवजी तपासणी म्हणजे रकाने भरणे असा अर्थ रूढ झाला.

या परंपरेला धरून मुख्याध्यापकाच्या कामाच्या चार कसोट्या सुचवता येतात. पहिली, पाचवीत किती मुले आली आणि त्यांतील किती दहावीच्या परीक्षेला त्याच शाळेतून बसली. जी गळली ती कोणाची होती आणि त्यांच्या घरी कोणी गेले का, हेही त्यात लिहिले जावे. दुसरी, शाळेत आलेला पैसा, धान्य, पुस्तके व गणवेश यांचा हिशेब पालकसभेत वाचून दाखवला गेला का. तिसरी, शिक्षकांची वागणूक शाळेत कशी ठेवली जाते: कामाची वाटणी न्याय्य आहे का, नव्या शिक्षिकेला मदत होते का, विरोधी मत मांडणाऱ्याचा छळ होतो का. चौथी, मुलांना मार, अपमान किंवा जातीवरून वेगळी वागणूक सहन करावी लागते का. या चारही गोष्टी गुणपत्रिकेत दिसत नाहीत आणि चारही मुख्याध्यापकाच्या हातातल्या आहेत.

हातातल्या हे शब्द महत्त्वाचे आहेत. जबाबदारी अधिकाराच्या मर्यादेतच मागता येते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान शाळांत एखादा शिक्षक वर्ग सांभाळत कार्यभार वाहतो. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली, तरी माहिती भरण्याचे फर्मान थांबत नाही. म्हणून मूल्यमापनाच्या प्रत्येक पत्रकात दुसरा रकाना शासनाच्या देण्याचा असावा. किती पदे रिक्त होती, अनुदान कधी आले, किती दिवस शिक्षक बाहेरच्या कामाला जुंपले गेले, हे त्यात नोंदवले जावे. हा रकाना नसलेले मूल्यमापन म्हणजे शासनाने आपली चूक मुख्याध्यापकाच्या नावावर मांडणे होय.

आता मूल्यमापन करणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, आणि तो बदलही मागून घेतला पाहिजे. या समितीचे पालक प्रतिनिधी, गुप्त मतपत्रिकेने विचारलेले शिक्षकांचे मत, दुसऱ्या तालुक्यातील एक अनुभवी मुख्याध्यापक आणि खात्याचा तपासणी अधिकारी अशा मंडळाने दर तीन वर्षांनी हे काम करावे. संस्थेचे म्हणणे जरूर ऐकावे, पण लेखणी तिच्या हाती देऊ नये. अहवाल मुख्याध्यापकाला आधी मिळावा, त्याचे उत्तर त्याला जोडले जावे आणि मग दोन्ही पालकसभेत वाचले जावेत. उणिवा आढळल्यास प्रथम प्रशिक्षण व साहाय्य द्यावे. शिक्षेची वेळ आलीच तर ती १९७७ च्या कायद्याने घालून दिलेल्या चौकशीनेच व्हावी. न्यायाधिकरणाचे संरक्षण काढून घेण्याचे निमित्त म्हणून मूल्यमापन वापरले जाऊ लागले, तर चळवळीने ते उधळून लावावे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. रोजंदारीवर जाणाऱ्या अशिक्षित पालकांना शाळेच्या कारभारातले काय कळते, हा पहिला. आपले मूल धडा वाचते का, शाळेत जेवण मिळते का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे कळायला पदवी लागत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात, खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच यावेत आणि त्यांनी लोकांत मोकळेपणाने मिसळावे, असा आग्रह धरला होता. शाळा लोकांची झाली पाहिजे, हेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावात गट असतात, जात असते. एखादी दलित मुख्याध्यापिका कणखरपणे कारभार करू लागली की तिच्याविरुद्ध पालकांच्या सह्या गोळा करायला वेळ लागत नाही. हा धोका खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. म्हणूनच मंडळात बाहेरचा सदस्य हवा, प्रश्न आधी ठरलेले व लेखी हवेत, आणि प्रत्येक आरोपाला पुरावा व उत्तर हवे. परंतु बंद लिफाफ्यात ती मुख्याध्यापिका अधिक सुरक्षित आहे असे कोणी समजू नये. तेथे तर तिच्या बाजूने बोलणाऱ्या आया कोणाला दिसतही नाहीत.

मित्रहो, या कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महापालिकेच्या व अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समित्या पुष्कळ ठिकाणी केवळ सह्यांपुरत्या उरल्या आहेत. पाचपावलीपासून हिंगण्यापर्यंत प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याने आपल्या शाळेच्या समितीची पुढची बैठक कधी आहे हे विचारावे, पालक सदस्यांबरोबर तेथे जावे आणि एकच मागणी करावी: पाचवीत आलेल्या आणि दहावीला बसलेल्या मुलांची यादी वाचून दाखवा. जो मुख्याध्यापक ती यादी मोकळेपणाने वाचील त्याच्या पाठीशी चळवळीने उभे राहावे, संस्थेच्या विरोधातही आणि खात्याच्या विरोधातही. पुढच्या डिसेंबरात टी-पॉइंटवर शिक्षकांचा मोर्चा येईल तेव्हा वेतनाच्या मागणीशेजारी ‘आमच्या कामाचा अहवाल जाहीर वाचा’ हा फलक शिक्षकांच्याच हाती असावा, आणि त्यांच्या मागे पालक चालत असावेत.