लेकराची वाटी

देगलूर भागात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, शेंगदाणे घरात असतातच. १ ते ३ वर्षांच्या लेकरासाठी वेगळा स्वयंपाक कशाला? गरम भाकर बारीक कुस्करा, त्यात घट्ट वरण घाला. नुसतं वरचं पाणी नको बरं का, त्यानं पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. वरून चमचाभर तूप नाहीतर तेल, अन् लिंबाचे दोन-चार थेंब. लिंबामुळं धान्यातलं लोह अंगाला लागतं, चहानं नेमकं उलटं होतं. तेव्हा आजोबांच्या बशीतला चहा लेकराला नकोच.

पोट इवलंसं, म्हणून दिवसातून ३ जेवणं आणि मध्ये २ वेळा खाऊ. खाऊ म्हणजे दुकानातला ५ रुपयांचा पुडा नव्हे! केळं, उकडलेलं अंडं, दह्यासंगं मेथीचं मऊ धपाटं. शेंगदाण्याचं मात्र कूटच द्या, अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

अंगणवाड्या १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेपासून आहेत. खाल्लेलं अंगी लागतंय का हे बघायला तिथं दर महिन्याला लेकराचं वजन करून घ्या. वजन वाढतच नसेल तर लेकराला सरकारी दवाखान्यात दाखवा.